दुष्काळात पाण्याआधी गवत राखा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 500 मिलिमीटर गाठतानाही दमछाक होते. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसानं दडी मारली की इथं टँकर, चारा छावण्या आणि टेंभू-म्हैसाळ पाणीयोजनांचं आवर्तन यांची चर्चा सुरू होते. माळावरच्या लांडगा, खोकड, चिंकारा, ससा, तित्तिर यांच्या वाट्याला आला तर एखादा सिमेंटचा पाणवठा येतो. तो बांधणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण पाणी ही या जनावरांची दुसरी गरज आहे. पहिली गरज गवताची.

चिंकारा पाला, शेंगा, फळं आणि पहाटेचं दव यांतून शरीराला लागणारं बरंचसं पाणी मिळवतो आणि दिवसच्या दिवस पाणवठ्याकडे न फिरकता राहू शकतो. चितळ आणि सांबर यांचं तसं नाही. उन्हाळ्यात त्यांना पाणी जवळ लागतंच. म्हणून कुठल्या जमिनीवर कुठलं जनावर आहे, हे पाहिल्याशिवाय पाण्याचा हिशेब मांडता येत नाही.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य या हिशेबाचं चांगलं उदाहरण आहे. देवराष्ट्र्याजवळचे हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून तिथं झाडी उभी राहिली, हरणं आणून सोडली गेली आणि 1985 मध्ये जेमतेम 11 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसानं उजाड डोंगरावर जंगल उभं केलं, हे काम मोठंच आहे. पण चितळ आणि सांबर कोरड्या डोंगरावर ठेवायचे, तर उन्हाळ्यात पाणी पुरवत राहणं ओघानंच आलं. पाणी आहे, संरक्षण आहे, संख्या आवरणारे मोठे शिकारी प्राणी नाहीत. मग कळप वाढतात आणि कुंपणाबाहेरच्या उसात, शाळवात उतरतात. पायथ्याच्या शेतकऱ्याची तक्रार इथून सुरू होते आणि ती रास्त आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानानंही हा धडा घेतला. तिथं दुष्काळावर उपाय म्हणून अनेक दशकं कूपनलिका आणि बंधारे करून कोरड्या भागात पाणी नेलं. पाण्यामागं झेब्रे आले, त्यांच्यामागं सिंह आले, आणि उंच गवतात राहणाऱ्या रोन जातीच्या दुर्मीळ हरणांची संख्या 1980च्या दशकाच्या अखेरीस झपाट्यानं कोसळली. पुढं उद्यानानं यांतले बरेच पाणवठे स्वतःहून बंद केले.

आपल्याकडं पाणवठ्यामागं माणूसही येतो. शिकाऱ्याला ठाऊक असतं की तहानलेलं जनावर ठरलेल्या वाटेनं ठरलेल्या जागी येणार. फासे तिथंच लागतात, विजेची तार तिथंच पसरते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा, म्हणजे महाराष्ट्रातल्या त्या मोठ्या दुष्काळाच्याच वर्षातला. लांडगा, काळवीट, चिंकारा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. पिकात रानडुक्कर शिरलं म्हणून कुंपणात वीज सोडणाऱ्याचं दुःख मला कळतं. पण त्या तारेला लांडगा चिकटतो, शेजारच्याची म्हैस चिकटते आणि रात्री मोटार चालू करायला निघालेला माणूसही चिकटतो. पंचनामा आणि भरपाईचा रस्ता कितीही रखडत चालला तरी तोच धरायला हवा.

पाणवठा करायचाच असेल तर तो उथळ, उतरत्या काठाचा, रस्त्यापासून आणि वस्तीपासून लांब असावा. एकाच जागी मोठी टाकी बांधण्यापेक्षा चार जागी लहान खळगे बरे. गर्दी कमी, रोगराई कमी. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हा तर सापळाच आहे. त्या गुळगुळीत उतारावर ससा, कोल्हा कुणाचेच पाय टिकत नाहीत. काठावरून पाण्यात काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला दोर सोडला तरी कित्येक जीव वाचतात.

आता गवताकडं येऊ. माळावरची कुसळी सगळ्यांनी पाहिलीय, निदान धोतराला नाहीतर मेंढीच्या लोकरीत अडकलेली. तिच्या बियाण्याला टोक असतं आणि मागं पिळदार लांब केस. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन चढलं की पुन्हा भरतो. या उलटसुलट फिरण्यानं बी गिरमिटासारखं मुरमाड मातीत शिरतं. अशा गवतांची मुळं मातीला धरून ठेवतात, पावसाचा मारा ठोंबावर जिरतो आणि पाणी खाली उतरतं. याच गवतात चंडोल अंडी घालतो, ससा लपतो, त्या सशावर लांडगा जगतो. ससे संपले की लांडगा मेंढवाड्याकडं वळतो आणि नुकसान धनगराचं होतं. 2021 मध्ये मायणी आणि 2023 मध्ये आटपाडी संवर्धन राखीव जाहीर झालं, ही म्हणूनच मोलाची गोष्ट. माळाला पडीक म्हणण्याची आणि जिथं गवत आहे तिथं चर खणून गिरीपुष्प लावण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

परसबागेलाही हेच लागू पडतं. उघडी माती तापते आणि ओल उडून जाते. आळ्यात पाचट किंवा वाळलेलं गवत अंथरा. लिंबाच्या, शेवग्याच्या रोपाजवळ झिलई न केलेलं, म्हणजे साधं सच्छिद्र मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. माती कोरडी होईल तसं ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असताना झिरपणं मंदावतं. सांडपाणी अळूला, केळीला द्या. बांधावर बोर, हिवर, तरवड राहू द्या. पाखरांना फळ मिळतं आणि कीड खाणारी पाखरं शेताजवळ टिकतात.

माघ-फाल्गुनात माळ पेटवला की नवं गवत जोमानं येतं, असा समज आहे. दुष्काळी वर्षी तसं होत नाही. ओल नसते, फुटवा येत नाही, आणि राख पहिल्या वळवात ओढ्याला जाते. तेव्हा यंदा गवत कापायचं तर बी झडल्यावर कापा, वीतभर ठोंब ठेवा, आणि बांधाला काडी लावू नका.