गुडघा, मैदान आणि चाचणी

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी मुली खो-खो, कबड्डी खेळत मोठ्या होतात. महाविद्यालयात गेल्यावर एखादी फुटबॉलकडेही वळते. खेळ निराळे, पण तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. धावता धावता एकदम थांबायचे, झटकन वळायचे, उडी मारून खाली यायचे. गुडघ्याला मोठी इजा होते ती बहुधा याच क्षणी.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारा एक दोरीसारखा अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे, हे त्याचे मुख्य काम. फुटबॉलमध्ये हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत सुमारे दोन ते तीन पट आढळते. आणि बहुतेक वेळा गुडघ्यावर कोणाचा आघात झालेला नसतो. तो तुटला की मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. बऱ्याच मुलींचा खेळ तेथेच संपतो.

असे का होते? उडीवरून उतरताना गुडघे पुरेसे न वाकणे, ते आत झुकणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद कमी पडणे ही काही कारणे आहेत. शरीराची ठेवण व संप्रेरके यांचाही विचार होतो. पण ठेवण बदलता येत नाही. उतरण्याची पद्धत बदलता येते.

आता आपल्या चाचण्या पाहू. ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे, बसून पुढे वाकणे या शालेय चाचण्यांतून वेग, दम आणि लवचीकपणा कळतो. उतरताना गुडघा कसा वागतो, हे मात्र त्यांत कोठेच दिसत नाही. त्यासाठी एक सोपे निरीक्षण करता येईल. गुडघा दुखत नसलेल्या मुलीला सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवरून दोन्ही पायांवर उतरायला सांगा. मैत्रिणींनी समोरून पाहावे. गुडघे पावलांच्या रेषेत राहतात की एकमेकांकडे झुकतात? धप्पकन आवाज येतो का?

मग गुडघे झुकणाऱ्या मुलींना संघातून वगळावे का? थोडे गणित करू. समजा, १०० मुलींपैकी ५ जणींना पुढे इजा होणार आहे. चाचणीने त्यांतील ४ ओळखल्या, पण उरलेल्या ९५ पैकी २० जणींवरही चुकून बोट ठेवले. म्हणजे २४ मुली बाजूला बसल्या, त्यांतील २० विनाकारण; आणि इजा होणारी एक मैदानातच राहिली! चाचणी भविष्य सांगत नाही. काय शिकवायचे, एवढेच ती दाखवते.

शिकवण्याचा उपयोग होतो का? नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सरावाआधी सुमारे २० मिनिटे धावणे, ताकद, तोल व नीट उतरणे यांचे व्यायाम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. तेथे कोणालाही गाळले नव्हते. संघातील सगळ्याच मुलींनी व्यायाम केले होते.

या व्यायामांना महागडी साधने लागत नाहीत. मुरमाचे मैदान असेल तर खड्डे बुजवावेत, खडे वेचावेत आणि रोज सर्वांकडून गुडघे वाकवून, आवाज न करता उतरण्याचा सराव करून घ्यावा. महिन्याने तेच निरीक्षण पुन्हा करावे. पहिली नोंद वहीत असेलच; शेजारी दुसरी लिहावी आणि काय बदलले, ते मुलींनाच शोधू द्यावे.