मैदान आणि कायदा : प्रशिक्षक विल्यम हेन्री लुईस

शाळेच्या स्मरणिकेत विजेत्या संघाचे छायाचित्र ठळकपणे छापले जाते. संघ घडविणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव मात्र बहुधा शेवटच्या ओळीत येते. आज अशाच एका प्रशिक्षकाचा परिचय करून देत आहे.

विल्यम हेन्री लुईस यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८६८ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाला. त्यांचे आईवडील पूर्वाश्रमीचे गुलाम होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा लुईस चार वर्षांचे होते. त्या मुक्तीनंतर जन्मलेल्या पहिल्या पिढीचे ते प्रतिनिधी.

१८८८ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १८९१ मध्ये ते फुटबॉल संघाचे कर्णधार झाले. हा खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावतात आणि समोरच्या संघाची फळी फोडून पुढे सरकतात. लुईस या फळीच्या मध्यभागी, ‘सेंटर’च्या जागी खेळत. शरीराने ते फार भारदस्त नव्हते. चपळाई आणि डावपेचांची जाण हेच त्यांचे बळ होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असताना ते तेथील संघातूनही खेळले. १८९२ आणि १८९३ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंत त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत.

मात्र मैदानावरील टाळ्या मैदानाबाहेर साथ देत नाहीत. १८९३ मध्ये हार्वर्डजवळच्या एका केशकर्तनालयात केवळ वर्णामुळे त्यांची हजामत करण्यास नकार देण्यात आला. आपल्या वाचकांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. साताऱ्यात न्हाव्यांची वाण नव्हती. तरीही बालवयातील बाबासाहेबांचे केस त्यांच्या थोरल्या बहिणीलाच कापावे लागत, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लुईस यांनी हा अपमान गिळला नाही. त्यांनी सहकाऱ्यांसह राज्याच्या विधिमंडळापुढे दाद मागितली आणि त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदास मनाई करणाऱ्या कायद्याची व्याप्ती वाढविण्यात आली. तेव्हा ते अजून विद्यार्थीच होते, हे लक्षात घ्यावे.

१८९५ मध्ये कायद्याची पदवी मिळाल्यानंतर त्यांनी वकिली सुरू केली आणि त्याच वर्षापासून १९०६ पर्यंत हार्वर्डच्या संघाला प्रशिक्षण दिले. ज्या देशात कृष्णवर्णीयांना अनेक ठिकाणी मतदानाचा हक्कही नाकारला जात होता, तेथे एका नामांकित विद्यापीठातील गोरे विद्यार्थी त्यांच्या शब्दावर कवायत करीत होते. १८९६ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन फुटबॉलची प्राथमिक ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतःला अवगत असलेली विद्या मुठीत न ठेवता ती नवशिक्याच्या हाती देणे, हे खऱ्या शिक्षकाचे लक्षण होय.

त्या काळी हा खेळ अत्यंत हिंसक झाला होता. खेळाडूंचे मृत्यू होऊ लागल्यामुळे १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही लक्ष घालावे लागले. १९०६ मध्ये नियम बदलले. दोन्ही फळ्यांच्या दरम्यान चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा ठेवण्याचा नियम त्यांपैकीच एक. त्याच्या कल्पनेचे श्रेय लुईस यांना दिले जाते.

त्यांची वकिलीही बहरली. १९०३ मध्ये ते बोस्टन येथे सहायक सरकारी वकील झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना देशाचे सहायक महान्यायवादी नेमले आणि १९११ मध्ये सिनेटने त्या नेमणुकीस मान्यता दिली. तोवर कोणत्याही कृष्णवर्णीय व्यक्तीला केंद्र शासनात एवढे मोठे नियुक्तीचे पद मिळाले नव्हते. तरीही अमेरिकन बार असोसिएशनने त्यांना सभासद करून घेतल्यावर, त्यांचा वर्ण कळताच १९१२ मध्ये ते सभासदत्व काढून घेण्याचा प्रयत्न झाला. लुईस यांनी माघार घेतली नाही. त्यांचे सभासदत्व टिकले. परंतु यापुढे अर्जदाराचा वर्ण कळविला जावा, असा ठरावही झाला. एका माणसासाठी उघडलेले दार इतरांसाठी आपोआप उघडे राहत नाही, हा या घटनेचा कटू धडा आहे.

१ जानेवारी १९४९ रोजी लुईस यांचे निधन झाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्यांना स्थान मिळाले ते २००९ मध्ये, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी.

पालकांनो, ‘खेळाने पोट भरते का?’ असा प्रश्न आपण मुलांना विचारतो. लुईस यांच्या जीवनाने दिलेले उत्तर साधे आहे : त्यांनी खेळासाठी अभ्यास सोडला नाही आणि अभ्यासासाठी खेळही सोडला नाही. मैदानाने त्यांना पाय रोवून उभे राहण्यास शिकविले आणि कायद्याने कोठे उभे राहायचे ते दाखविले. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी याव्यात, एवढीच मंगलकामना.