कारवानी कुत्रा घरी आणताना

कुत्रा नसलेली वस्ती आपल्या भागात शोधूनही सापडायची नाही. भूमच्या भोवती बालाघाटाचे माळ आहेत, उताराला ज्वारीची रानं आहेत, आणि रात्री या रानांतून पायी निघालात तर एका वस्तीवरचा कुत्रा भुंकत भुंकत तुम्हांला पुढच्या वस्तीवरच्या कुत्र्याच्या हवाली करतो. पण मला जे सांगायचे आहे ते या राखणदाराविषयी नव्हे. उंच, सडपातळ, छाती खोल आणि पोट आत गेलेले, तोंड लांबट, पाय हरणासारखे, असा एक कुत्रा तुम्ही जत्रेत किंवा एखाद्या हौशी माणसाच्या दारात पाहिला असेल. त्याला आपण कारवानी म्हणतो. अलीकडे हा कुत्रा घरात पाळावा, पोरांना सोबत होईल, असे पुष्कळांच्या मनात येते. शिकारीसाठी घडलेला हा प्राणी संसारी माणसाच्या घरात नांदेल का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. नांदेल, पण तो कशासाठी घडला आहे हे घरधन्याने आधी नीट समजून घेतले तरच.

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. मध्य आशिया आणि अफगाणिस्तानकडून येणाऱ्या तांड्यांबरोबर असले कुत्रे दख्खनेत उतरले, आणि इथल्या कोरड्या माळावर पिढ्यान् पिढ्या राहून इथलेच झाले, असे मानतात. अरबस्तानातला सलुकी हा त्यांचा भाऊबंद. कान, शेपूट आणि पाय यांवर रेशमासारखे लांब केस असले की त्याच कुत्र्याला पश्मी म्हणतात. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी नावाजलेले आहे. तिकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ म्हणून गाव आहे. तिथे घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. त्या घराण्यातले राजे मालोजीराव घोरपडे यांनी हे कुत्रे जोपासले आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव जगाला ठाऊक झाले. कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या एका संस्थेच्या दप्तरी तो कारवान आहे, तर दुसरीच्या दप्तरी मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ होता. आता मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम व चिप्पीपराई या तामिळी कुत्र्यांबरोबर मुधोळचीही स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. आपल्या माळावरचे हे जनावर परक्याच्या आल्सेशियनपेक्षा कमी मोलाचे समजू नका, एवढ्यासाठी हे सांगितले.

इंग्रजीत 'हाउंड' हा शब्द सगळ्याच शिकारी कुत्र्यांना लावतात. पण त्यांत दोन तऱ्हा आहेत. एक कुत्रा नाकाने शिकार करतो. जमिनीला नाक लावून वास काढत, ओरडत, सावकाश पण चिवटपणे तो माग काढतो. शहरात लोक हौसेने पाळतात तो लांब कानांचा बीगल या तऱ्हेचा. दुसरा कुत्रा डोळ्याने शिकार करतो, आणि आपला कारवानी हा त्यातला. लांबट डोक्याच्या दोन बाजूंना डोळे असल्यामुळे त्याला आपल्यापेक्षा कितीतरी रुंद दिसते; माणसाच्या नजरेत अर्धे वर्तुळ मावते, तर याच्या नजरेत सुमारे पाऊण. दूर माळावर कुसळात काही हलले, की याने ते पाहिलेच. आणि पाहिले की तो विचार करीत बसत नाही. त्याचे शरीरच धावण्यासाठी बांधलेले आहे. एका झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंगाखाली गोळा होऊन आणि एकदा पुढेमागे ताणले जाऊन. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो व सुटतो. मोठ्या छातीत मोठे काळीज आणि मोठी फुप्फुसे. खांद्यापाशी उंची सुमारे सव्वादोन फूट, पण वजन वीस ते अठ्ठावीस किलोच. म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या पोत्याहूनही कमी.

आता अडचण इथेच आहे. पूर्वी या कुत्र्याला ससा, हरीण यांच्या मागे सोडीत. तेच त्याचे काम, आणि त्या कामापायी त्याचे कोडकौतुक. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. ससा, काळवीट, चिंकारा यांची शिकार हा गुन्हा झाला. या कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे तीत नुसते मारणे येत नाही. पाठलाग करणे, हाकारणे, पकडणे हेही येते. म्हणून 'आमचा कुत्रा ससा मारत नाही, नुसता पळवतो', ही सबब चालायची नाही. कायदा योग्यच आहे. माळावरची हरणे उरली आहेत ती त्याच्यामुळे. पण कुत्र्याला कायदा कोण समजावणार? त्याचे काम गेले, धावण्याची ओढ मात्र रक्तात राहिली. मग धनी काय करतो? साखळी आणतो.

भूमजवळच्या एका वस्तीवर मी असा कुत्रा पाहिला. दीड वर्षाचा देखणा नर, बाभळीला चार हात साखळीने बांधलेला. साखळी जिथवर पोचते तिथवर जमिनीला गोल खळगा पडला होता, इतक्या फेऱ्या त्याने मारल्या होत्या. पाहुणे आले की त्याला दाखवायचे, मूठभर शेंगदाणे खात खात त्याच्या रुबाबाचे वर्णन करायचे, आणि पुन्हा विसरून जायचे. एके दिवशी पट्टा तुटला. त्याने घरचीच दोन करडे लोळवली. मालकाचा राग मला समजतो. उस्मानाबादी शेळी म्हणजे गरिबाची बँक. तरी दोष कुत्र्याचा म्हणता येत नाही. ज्याने पिल्लूपणी करडांचा वास घेतला नाही, ज्याला दीड वर्षात एकदाही मोकळे धावू दिले नाही, त्याच्यापुढे उड्या मारणारी करडे आली तर दुसरे काय होणार? या ठिकाणी आणखी एक कायदा सांगतो, कारण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, जनावराला वाजवीपेक्षा आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणे याला क्रूरता म्हटले आहे. आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला धन्याने पुरेसे फिरवले नाही, तर तीही क्रूरताच, असे स्पष्ट लिहिले आहे.

तेव्हा कारवानी आणायचा तर पहिला हिशोब धावण्याचा करा. दिवसभर रानात हिंडवावे लागते असे मात्र नव्हे. हा कुत्रा थोडा वेळ जोरात धावतो आणि उरलेला वेळ पडून राहतो. परदेशात शर्यतीत धावून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लोक घरी नेतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०१८ साली मत घेऊन २०२० अखेर या शर्यती बंद केल्या, तेव्हाही तिथल्या कुत्र्यांना कुटुंबे शोधावी लागली. हे नावाजलेले धावपटू घरात शिरले की बहुतेक वेळ कोचावर झोपून काढतात! आपल्या कारवानीचीही तीच रीत. सकाळी आणि संध्याकाळी पाऊणएक तास पट्ट्याने फिरवणे, आणि त्यात दहा-पंधरा मिनिटे कुंपण असलेल्या जागेत मोकळे धावणे, एवढे रोज घडले तर घरात तो शहाण्यासारखा वागतो. कुंपण मात्र पुरुषभर उंच हवे. उघड्या माळावर सोडू नका. ससा दिसला की तुमची हाक त्याच्या कानांत शिरत नाही, आणि डांबरी रस्ता मध्ये आला तर त्याला मोटारही दिसत नाही.

दुसरी गोष्ट पिल्लाच्या वयाची. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आणले की पहिल्या दोन महिन्यांतच त्याला शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसे, लहान पोरे, सायकल, ट्रॅक्टर हे सारे दाखवावे; करडांबरोबर गोठ्यात बसू द्यावे. या वयात ज्याची ओळख झाली त्याला तो आपले मानतो. तरीही कोंबडी आणि परकी मांजर यांच्या बाबतीत विश्वास टाकू नये असे माझे मत आहे. हा कुत्रा मानी असतो. परक्या माणसाने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला खपत नाही, घरच्यांना मात्र जीव लावतो. मारून शिकवायला गेलात तर तो शिकत नाही, नुसता बुजतो.

खाण्याविषयी आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक म्हणतो, शिकारी कुत्रा, त्याला मटणच हवे. दुसरा शिळी भाकरी टाकून मोकळा होतो. माणसाजवळ हजारो वर्षे राहिल्यामुळे कुत्र्याला धान्य पचवता येऊ लागले आहे; लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्ट पचवणारी गुणसूत्रीय तयारी जास्त असते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले. म्हणून ज्वारीची भाकरी त्याला चालते. पण नुसत्या भाकरीवर हे स्नायू टिकत नाहीत. जोडीला अंडे, शिजवलेले मांस किंवा मासळी, थोडे ताक-दही असावे. कोंबडीची शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती मोडून टोचतात. कांदा, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे. आणि आपला भाग खव्याचा असला तरी, कृपा करून, कुंथलगिरीचा पेढा प्रेमाने त्याच्या तोंडात घालू नका. खाणे दोन वेळा विभागून द्यावे, आणि खाल्ल्यावर तासदीड तास पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो. त्याच्या दोनतीन बरगड्या दिसल्या म्हणून उपाशी समजून चारू नका. तो तसाच असायचा.

अंगावर चरबी नाही आणि केस आखूड, त्यामुळे मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री त्याला सोसत नाहीत. गोणपाट, भिंतीचा आडोसा आणि कोरडी जागा एवढे पुरते. चरबी नसण्याचा आणखी एक परिणाम डॉक्टरांच्या कामाचा आहे: भुलीची काही औषधे अशा कुत्र्यांच्या अंगातून फार सावकाश उतरतात. म्हणून शस्त्रक्रियेची वेळ आली तर 'हा कारवानी आहे' असे आवर्जून सांगा. गोचिडांसाठी रॉकेल किंवा पिकावरचे औषध चोळणे, शेळ्यांचे जंताचे इंजेक्शन अंदाजाने देणे, हे प्रकार मी पाहिले आहेत. त्यांनी गोचिडांबरोबर कुत्राही जातो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असताना अंदाज कशाला?

आता शिक्षक मंडळींसाठी थोडे. पिसाळ हा रोग एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही, म्हणावे असे. पण तो टाळता मात्र हमखास येतो. पिल्लाला तीन महिन्यांनंतर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दुसरी, आणि पुढे दरवर्षी. कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. तिखट, चुना, हळद काही लावायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. लस त्याच दिवशी सुरू होते. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढची टोचणी असते, त्यातली एकही चुकवू नये. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत वेगळे औषध टोचावे लागते, ते डॉक्टर ठरवतील. हा धडा वर्गात एकदा करून दाखवा; नुसता वाचून पोरांच्या ध्यानात राहत नाही.

त्याबरोबर पोरांना कुत्र्याशी वागायचेही शिकवा. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, किंचाळायचे नाही. झाडासारखे उभे राहून हात अंगाशी धरायचे आणि त्याच्या डोळ्यांत न पाहता थांबायचे. कारवानीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे, कारण पळणाऱ्याच्या मागे पळणे हेच त्याचे वंशपरंपरागत काम. घरचा कुत्रा कितीही गुणी असो, पाचसहा वर्षांच्या आतले मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

पिल्लू घेताना आईबाप दोन्ही पाहावेत. एकाच घरातल्या नर-मादीची पुन्हा पुन्हा वीण करणारे लोक आहेत. अशी पिल्ले देखणी असली तरी कमजोर निघतात. दुसरीकडे जास्त वेगासाठी विलायती ग्रेहाउंडशी संकर केला, की माळावर टिकण्याचा जुना कणखरपणा पातळ होत जातो. मादी पाळणार असाल तर तिच्या पिल्लांना घरे मिळण्याची खात्री आधी करा, नाही तर तिची वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्या. रस्त्यावर सोडलेली कारवानीची पिल्ले पाहिली की फार वाईट वाटते. भटक्या कुत्र्यांसारखे उकिरड्यावर जगणे त्यांना जमत नाही.

आणि वयाचा विचार करा. हा कुत्रा दहा-बारा वर्षे, नीट राखला तर थोडा अधिकही जगतो. आठवीतला मुलगा हट्ट करून पिल्लू आणतो. दहावी होते, बारावी होते, मुलगा शिकायला पुण्याला जातो, आणि त्या वेळी कुत्रा ऐन पाचव्या वर्षात असतो. पहाटे गोठ्यातली धार काढायच्या आधी त्याला फिरवून आणणारे घरात दुसरे कोण आहे, हे पिल्लू पिशवीत घालण्यापूर्वी ठरवून टाका.