पोळी दिसते, हिंगातला गहू दिसत नाही

मुलाला सिलिॲक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की पोळी त्याच दिवशी त्याच्या ताटातून जाते. पाव, बिस्किटं, शेवया, नूडल्स यांनाही रजा मिळते. एवढं सगळ्यांना कळतं. मग पोराचं पोट नाजूक झालंय म्हणून आजी मऊ भात टाकते, वर साजूक तूप सोडते आणि चमचाभर मेतकूट पेरते. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, तांदूळ असतो आणि बऱ्याच घरांत मूठभर गहूही भाजून घातलेला असतो. महिने उलटतात, मूल बाळसं धरत नाही, आणि "आम्ही पथ्य अगदी काटेकोर पाळतो हो" असं घरचे सांगतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांना गहू दिसलेलाच नसतो.

या आजाराबद्दलचे आपल्याकडचे गैरसमज बहुतेक स्वयंपाकघरातच मुरलेले आहेत. तपासणीच्या खोलीतल्या दहा मिनिटांत ते निघत नाहीत.

"गव्हाची ॲलर्जी आहे, मोठा झाला की जाईल"

ॲलर्जी वेगळी. गव्हाची किंवा दुधाची ॲलर्जी असली तर खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास अडतो. लहानपणीच्या अशा कित्येक ॲलर्जी वयाबरोबर मावळतात. सिलिॲक मावळत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे बारीक अंकुर असतात, अन्न शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात. मग ताटातलं लोह आणि कॅल्शियम ताटातून पोटात जातं खरं, पण अंगी लागत नाही.

म्हणूनच हा आजार नेहमी जुलाबाच्याच रूपात येतो असं नाही. एखादं मूल नुसतं बुटकं राहतं. एखाद्याला लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, एखाद्याला सारखं तोंड येतं, तर एखाद्याला उलट बद्धकोष्ठता असते. "खात नाही म्हणून वाढत नाही" हे वाक्य अशा मुलांच्या आयांनी किती वर्षं ऐकून घेतलेलं असतं, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आजार तसा नवा नाही. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये त्याचं नेमकं वर्णन लिहिलं आणि आहारानेच तो बरा होईल असंही म्हटलं. पण कोणता आहार, हे कळायला साठेक वर्षं गेली. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला आणि मुलं खरोखर सुधारली. श्रेय मिळालं केळ्यांना. केळी खाताना पाव बंद झाला होता, ही गोष्ट नजरेतून निसटली. सुधारलेल्या मुलांना "आता बरा झाला" म्हणून पुन्हा पाव मिळू लागला. शेवटी हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाकडे बोट दाखवलं. त्यांची निरीक्षणं तीसच्या दशकापासून चालू होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचा अंदाज आणखी पक्का झाला, आणि १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधातून मांडला.

केळ्यांची ही कथा आपल्याकडे रोज नव्याने घडते. कोणी काढा देतं, कोणी डाळिंबाच्या सालीचं चूर्ण देतं, सोबत "महिनाभर पोळी नको" असंही सांगतं. मूल सुधारतं आणि चूर्णाचं नाव होतं.

"अगं, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

हे वाक्य बहुधा आजी-आजोबांचं असतं, आणि त्यामागे माया असते हीच पंचाईत. सून "नको ना आई" म्हणाली की ती कडक ठरते. तेव्हा सरळ आकडाच सांगितलेला बरा. १०० ग्रॅम कणकेत साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲक असलेल्यांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तर तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसू लागते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात आढळलं. ५० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना पोलपाटावर भुरभुरतो ती चिमूट एवढीच असते.

दुसरी गोष्ट, चुकून खाल्लं आणि पोट दुखलं नाही म्हणजे चाललं, असं नाही. काही मुलांना काहीच जाणवत नाही आणि आत झीज चालूच राहते. म्हणून डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात. पथ्य पाळलं जातंय की नाही, हे त्या कागदावर दिसतं.

आता हिंग. झाडाचा शुद्ध चीक इतका उग्र असतो की तो सहसा तसा विकत नाहीत. त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधणी करतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं, काही डब्यांत तांदळाचं. एका फोडणीतला हिंग चिमूटभर आणि तो सगळ्या घराच्या आमटीत वाटला जातो, म्हणजे ताटात येणारं प्रमाण बारीकच, हे मान्य. पण आमटी रोजची, भाजी रोजची, ताकालाही हिंगच. डबा उलटा करून घटकांची यादी वाचायची आणि तांदळाच्या पिठाचा हिंग आणायचा, एवढ्यावर हा प्रश्न मिटतो. पाकिटावर गव्हासारख्या घटकांचा वेगळा उल्लेख करणं आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी सक्तीचं केलेलं आहे. 'ग्लुटेनमुक्त' असं छापायचं, तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही.

असेच न दिसणारे आणखी काही: सातूचं पीठ, थालीपिठाची भाजणी (बहुतेक घरांत तिच्यात गहू असतो), गव्हाच्या चिकाच्या कुरडया, माल्ट घातलेली दुधातली पावडर, सोया सॉस. आणि दिवाळीतलं कढईतलं तेल. अनारसा तांदळाचा असतो, पण तो शंकरपाळ्यांनंतर त्याच तेलात तळला की त्याचा उपयोग संपला. कितीही तापवलं तरी ग्लुटेन नाहीसं होत नाही.

"आम्ही ज्वारीचीच भाकरी देतो"

देता, पण ज्वारी दळता कुठे? आपल्या गिरणीत "आधी काय दळलंय?" हा प्रश्न पूर्वापार विचारला जातो. बाजरीवर गहू दळला तर पोळ्या काळसर होतात, म्हणून बायका ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू दळून घेतात. इथे हा प्रश्न पोळीच्या रंगापुरता राहत नाही. चांगल्या गिरणीत गव्हाचं जातं वेगळं असतं, तरी पीठ झटकायचा ब्रश एकच, तोंडाला बांधलेली कापडी पिशवी एकच, आणि हवेत तर गव्हाची पिठी तरंगतच असते. अशा घरांनी ज्वारी-बाजरी-तांदळासाठी छोटी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही पडू देऊ नये. ते परवडत नसेल, तर सिलिॲक असलेली दोन-चार घरं मिळून एक घेतात, हेही चालतं. ज्वारी दळण्याआधी निवडायची आणि धुऊन वाळवायची, कारण दुकानातल्या पोत्यात चार दाणे गव्हाचे सापडतातच.

घरातही हेच. लाकडी पोलपाट-लाटणं धुऊन स्वच्छ होत नाही, ते या मुलाचं वेगळं हवं. परात, तवा, चाळणीही वेगळी असली तर डोक्याला शांतता. भाकरीला हात मारताना वर कणीक भुरभुरायची सवय काही घरांत असते, ती मोडायची. एकाच ओट्यावर करायचं झालं तर आधी भाकऱ्या आणि मग पोळ्या.

पण म्हणून सगळ्या घराने गहू सोडायला पाहिजे, असं अजिबात नाही. ग्लुटेन कातडीतून आत शिरत नाही. पोळीला हात लागला म्हणून काही होत नाही. तो हात न धुता तोंडात गेला तर होतं. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत खेळायचे रंगीत गोळे मात्र बघून घ्यावे, कारण त्यांत गव्हाचं पीठ असू शकतं. शाळेत असे गोळे वळून झाले की मुलं हात चड्डीला पुसतात आणि डबा उघडतात.

"खपली गहू चालतो, तो देशी आहे"

चालत नाही. सातारा-सांगलीकडचा खपली हा जुना गहू आहे, खीर त्याचीच करावी, सगळं खरं. पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. लोकवन, सिहोर, बन्सी, दलिया, रवा, मैदा, कोंडा, सगळ्यांना हाच न्याय. सेंद्रिय असला तरी, आणि आंबवून त्याचा पाव केला तरी. या मुद्द्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, पण सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात.

"मग बिचारं खाणार तरी काय?"

इथे मराठी घराने खरं तर छाती फुगवावी. पोळी रोजची झाली ती अलीकडे. गावाकडच्या कितीतरी घरांत ती सणालाच व्हायची आणि रोजचं पोट भाकरीवर भरायचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे, मटण, या कशातच ग्लुटेन नाही. एकादशीचं ताट तर जवळजवळ सगळंच या मुलाचं, आणि उपवासाला आपण हिंगही घालत नाही.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही म्हणजे तार नाही, म्हणून ते लाटायला गेलं की फाटतं. आपल्या बायकांनी त्यावर कधीच उपाय काढलेला आहे. पाणी चांगलं उकळू द्यायचं, चिमूट मीठ टाकून ते पिठावर ओतायचं, उलथन्याने कालवून परात झाकून ठेवायची. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि ग्लुटेनच्या जागी तोच पीठ धरून ठेवतो. हाताला सोसवेल इतकं कोमट झालं की तळव्याच्या टाचेने रेटून मळायचं, गोळा गुळगुळीत होईपर्यंत. थापताना कडा चिरल्या तर मळणं कमी पडलं किंवा पिठाची विरी गेली. अशा वेळी दळण ताजं करावं, बाईला नावं ठेवू नयेत. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, तो सुकायच्या आत उलटायची. पापुद्रा टम्म फुगतो आणि मुलं तो आधी सोलून खातात.

डब्यात मात्र भाकरी दुपारपर्यंत कडक होते. तिथे घावन, आंबोळी, तांदळाची उकड काढून लाटलेली मऊ भाकरी, घरच्या पिठाचं धिरडं हे उपयोगी. गणपतीत उकडीचा मोदक आहेच, तळणीचा नको. सत्यनारायणाला शिऱ्याऐवजी तीर्थ आणि केळं घेतलं तरी प्रसाद मिळालाच. यजमानीणबाईंना आधी एक फोन केला की ताटापुढे हुज्जत होत नाही. वाढदिवसाला आपला खाऊ आपण न्यायचा, आणि तो इतर मुलांना मागावासा वाटेल असा न्यायचा, ही आयांनी शोधलेली युक्ती फार चांगली आहे.

शहरातल्या दुकानांत ग्लुटेनमुक्त म्हणून महागडी बिस्किटं आणि पाव मिळतात. प्रवासात ठीक. पण कॉर्नस्टार्च, तांदळाची पिठी आणि साखर यांच्यापलीकडे त्यांत फारसं काही नसतं, आणि ज्याला सिलिॲक नाही त्याने ती "हेल्दी" म्हणून खाण्याचंही काही कारण नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या, मागे पडलेल्या मुलाला तिची गरज बिस्किटापेक्षा जास्त आहे.

दुधाबद्दल थोडक्यात. निदानाच्या सुमारास काही मुलांना दूधही पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं विकर त्या झिजलेल्या अंकुरांवरच असतं. अंकुर परत वाढले की दूध बहुधा पुन्हा चालतं. ते कायमचं बंद करून मुलाचं आणखी एक अन्न तोडू नये.

"शंका होती, म्हणून आम्ही आधीच गहू बंद केला"

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. सिलिॲकची रक्तचाचणी आणि आतड्याचा तुकडा घेऊन केलेली तपासणी, दोन्ही गहू खात असतानाच बोलतात. गहू थांबवला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि अहवाल साफ येतो. मग निदान करायचं तर सुधारलेल्या मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो, आणि ते करायला कोणत्या आईचा हात उचलेल?

आणि चाचणी एकट्या मुलाची करून भागत नाही. आजाराची प्रवृत्ती घराण्यात चालते, म्हणून सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही करायची असते, त्यांना काही त्रास नसला तरी. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाणारी आई कधी कधी अशीच सापडते. तपासण्या पूर्ण होईपर्यंत त्यांची पोळी मात्र चालू ठेवायची.