नावाचा मक्ता

मंडळी, तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडासमोर चहाचे एखादे नवे दुकान निघालेले तुम्ही अलीकडे पाहिले असेल. चकचकीत पाटी, एकसारखे पेले, भिंतींना ठरावीक रंग. पुढच्या तालुक्यात गेलात तर तिथेही हुबेहूब तसेच दुकान. गल्ल्यावर मात्र आपल्याच भागातल्या कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो. त्याला विचारावे, "काय रे, दुकान तुझंच का?" तर तो जरा घुटमळतो आणि म्हणतो, "दुकान माझंच, पण नाव कंपनीचं."

त्याच्या या घुटमळण्यातच आजचा आपला विषय आहे. दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याची रीत पैसे मोजून वापरायची, या व्यवहाराला फ्रँचायझी म्हणतात. आपण त्याला नावाचा मक्ता म्हणू. आंब्याच्या बागेचा मक्ता आपल्याला ठाऊक आहे, आठवडेबाजाराचा ठाऊक आहे, हा नावाचा. आणि या मक्त्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतली मॅकडोनाल्ड ही खाण्याच्या दुकानांची कंपनी. आज तिची ४०,००० हून अधिक दुकाने १०० हून अधिक देशांत आहेत. पण त्यांतली शेकडा ९५ च्या आसपास कंपनी स्वतः चालवीत नाही. ती चालवतात त्या त्या ठिकाणची माणसे, स्वतःचे भांडवल घालून. मग कंपनी नेमके काय विकते, आणि हे जगभर पसरले कसे?

गोष्टीची सुरुवात दोन भावांपासून होते. डिक आणि मॅक मॅकडोनाल्ड. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो या गावी १९४० मध्ये त्यांनी रस्त्याकडेला खाण्याचे दुकान काढले. धंदा बरा चालला होता; तरी १९४८ मध्ये त्यांनी दुकान तीन महिने बंद ठेवले आणि सगळी मांडणी बदलली. गाडीपाशी ताटे नेऊन देणाऱ्या मुली काढून टाकल्या. चिनी मातीच्या बशा जाऊन कागद आला. पदार्थ ठेवले नऊच. हॅम्बर्गर म्हणजे गोल पावात घातलेली खिम्याची चपटी टिकिया. तिची किंमत निम्म्याने उतरवून १५ सेंट केली. एकाने फक्त टिकिया भाजायची, दुसऱ्याने फक्त पाव भरायचा, तिसऱ्याने फक्त बटाटे तळायचे. गिरणीत जसे एकेका यंत्रापाशी एकेक माणूस, तसे स्वयंपाकघरात. हे दोघे भाऊ किती नेमके होते पाहा! नव्या स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने आखला, नोकरांना त्यात उभे करून खोटाखोटा स्वयंपाक करायला लावला, आणि कोण कुणाला अडखळतो ते बघून रेघा बदलल्या. त्या रात्री पाऊस आला आणि सगळा खडू वाहून गेला. दुसऱ्यांदा आखावा लागला.

१९५४ मध्ये रे क्रॉक नावाचा ५२ वर्षांचा एक विक्रेता तिथे आला. दूध घुसळायची यंत्रे विकणे हा त्याचा धंदा. एका यंत्रावर एका वेळी पाच पेले निघत, आणि या भावांनी तसली आठ यंत्रे घेतली होती. एकाच दुकानाला ४० पेले एकदम कशाला लागतात, हे बघायला तो मुद्दाम आला. रांग पाहिली, स्वयंपाकघर पाहिले आणि तो त्या रीतीच्या प्रेमातच पडला. भावांनी त्याआधीही काही जणांना नावाचा मक्ता दिला होता. पण देखरेख काहीच ठेवली नव्हती. ज्याला जे सुचेल ते तो विकी. क्रॉकने मक्ते देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळ डेस प्लेन्स येथे आपले पहिले दुकान उघडले.

त्याच्या कराराचे आकडे सांगतो, कारण खरी मेख त्यांत आहे. मक्तेदाराने सुरुवातीला ९५० डॉलर भरायचे. पुढे १०० डॉलरची विक्री झाली की १ डॉलर ९० सेंट कंपनीला, आणि त्यातले ५० सेंट मूळ भावांना. म्हणजे क्रॉकच्या हाती राहिले १ डॉलर ४० सेंट. एवढ्यात मक्तेदाराला शिकवायचे, दुकाने तपासत हिंडायचे, कचेरी चालवायची. दुकाने वाढत गेली, पण हाती काही उरेना.

तेव्हा हॅरी सॉनेबॉर्न नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने वाट काढली. १९५६ पासून कंपनीने दुकानाची जागाच दीर्घ मुदतीने भाड्याने घ्यायला, पुढे विकतही घ्यायला सुरुवात केली, आणि ती जागा मक्तेदाराला चढ्या भाड्याने दिली. ठरलेले भाडे किंवा विक्रीतला ठरावीक हिस्सा, यांपैकी जे जास्त भरेल ते द्यायचे. मक्तेदार नावाचे कूळ तर होताच, आता जागेचेही कूळ झाला. आणि या कुळाला कूळकायद्याचे संरक्षण नाही बरे का! रीत मोडली तर मक्ता जातो, मक्ता गेला की जागाही सोडावी लागते. कंपनीचा धाक खरा बसला तो इथून. आजही भाडे हा कंपनीच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग आहे.

एवढे सांगूनही तुम्ही म्हणाल, की मग लोक मक्ता घेतात तरी का? घेतात, कारण त्यांना आयती रीत मिळते. टिकियेचे वजन किती, तेल किती तापवायचे, फरशी केव्हा पुसायची, हे सारे एका जाड पोथीत लिहिलेले असते. १९६१ मध्ये कंपनीने एका दुकानाच्या तळघरात शाळाच काढली, तिचे नाव हॅम्बर्गर विद्यापीठ. नावाला हसू येते; पण कधी चुलीपाशी न गेलेला माणूस तिथून शिकून निघाला आणि त्याचे दुकान चालले, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईकही नावाच्या भरवशावर परक्या गावात बेधडक आत शिरते.

आणि मूळ भावांचे काय झाले? त्याच १९६१ मध्ये क्रॉकने त्यांचे सगळे हक्क २७ लाख डॉलरना विकत घेतले. सॅन बर्नार्डिनोचे पहिले दुकान भावांकडे राहिले, पण त्यावर स्वतःचे आडनाव लावायची त्यांना मुभा उरली नाही. पाटी उतरवून त्यांनी दुकानाला "बिग एम" असे नाव दिले. क्रॉकने जवळच मॅकडोनाल्डचे नवे दुकान थाटले, आणि काही वर्षांत भावांचे दुकान बंद पडले. माणूस तोच, पदार्थ तेच. आडनाव मात्र बाजारात विकले गेलेले.

परदेशात पहिले पाऊल पडले १९६७ मध्ये, कॅनडात. तिथे सोपे होते, भाषा आणि खाणे जवळजवळ तेच. खरी परीक्षा जपानची. भात आणि मासळी खाणाऱ्या लोकांना पाव आणि खिमा कसा खिलवायचा? कंपनीने डेन फुजिता या जपानी व्यापाऱ्याला निम्म्याचा भागीदार केले. अमेरिकेतली रीत अशी, की दुकान शहराबाहेर, मोटारींच्या रस्त्यावर काढायचे. फुजिताने ती मानली नाही. आमच्याकडे लोक पायी हिंडतात, तेव्हा दुकान तोक्योच्या ऐन गिन्झा पेठेतच हवे, असा त्याचा आग्रह. जागा मिळाली मित्सुकोशी या नामांकित वस्तुभांडाराच्या दर्शनी भागात. पण अट अशी की भांडाराचा व्यवहार एक दिवसही अडता कामा नये. रविवारी संध्याकाळी ते बंद झाल्यापासून मंगळवारी सकाळी उघडेपर्यंत, सुमारे ३९ तासांत, सारे दुकान उभे करायचे. फुजिताने आपल्या माणसांकडून दुसरीकडे त्याची आधी तालीम करून घेतली. २० जुलै १९७१ रोजी दुकान उघडले आणि चालले. स्वयंपाकाची पोथी कंपनीची राहिली. दुकान कुठे काढायचे आणि गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे, हे त्या मातीतल्या माणसावर सोपवले. पुढच्या बहुतेक देशांत कंपनी याच वाटेने गेली.

तुम्हां शेतकरी मंडळींना जवळची वाटेल अशी गोष्ट मॉस्कोची. सोव्हिएत सरकारशी बोलणी सुरू झाली १९७६ मध्ये आणि दुकान उघडले ३१ जानेवारी १९९० रोजी, पुश्किन चौकात. मध्ये १४ वर्षे! पहिल्याच दिवशी ३०,००० हून अधिक लोक जेवून गेले. पण त्याआधी कंपनीच्या कॅनडातल्या शाखेला शहराच्या कडेला एक मोठा कारखाना बांधावा लागला. पाव, टिकिया, दूध, बटाटे, सगळे तिथेच तयार करायचे, कारण हवा तसला माल बाजारात मिळेना. बटाट्याचे बियाणेसुद्धा बाहेरून आणून शेतकऱ्यांना लावायला दिले. नाव विमानाने येते. बटाटा मात्र तिथल्याच जमिनीत उगवावा लागतो.

आपल्या देशातही तसेच घडले. कंपनीने भारतात दोन भागीदार निवडले, दिल्लीकडे विक्रम बक्षी आणि मुंबईकडे अमित जटिया, दोघांशी निम्मी-निम्मी भागी. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला दुकाने उघडली. गोमांसावर उभ्या राहिलेल्या या कंपनीने इथे गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वर्ज्य केले. महाराजा मॅक आला तो मटणाचा, पुढे कोंबडीचा. बटाट्याची टिक्की आली, आणि शाकाहारी व मांसाहारी स्वयंपाकाची भांडी, ओटे आणि माणसे वेगळी ठेवली. वडापाववाल्या मुंबईला पावातला बटाटा काही नवा नव्हता म्हणा!

पण दुकाने उघडण्याच्या कित्येक वर्षे आधी माल पुरवणाऱ्यांची जुळवाजुळव चालू होती. त्या सुरुवातीच्या काळात चीज येई बारामतीच्या डेअरीतून आणि लेट्यूस, म्हणजे सॅलडची कोबीसारखी पाने, तळेगावहून. लेट्यूस आपल्याकडे थंडीतले पीक. पण दुकानाला बारा महिने लागणार. मग वेगळे बियाणे, काढणी होताच पाने गार करणे, थंड पेटीची मालमोटार, असे सारे बसवावे लागले.

बटाट्याने मात्र दमवले. फ्रेंच फ्राइज म्हणजे बटाट्याच्या लांब तळलेल्या कांड्या. त्या पहिली काही वर्षे परदेशातून आणाव्या लागल्या. आपला बाजारातला बटाटा आकाराने लहान, अंगात पाणी जास्त आणि साखरही जास्त. साखर जास्त असली की कांडी तळताना काळपट पडते. त्यात आपण बटाटा शीतगृहात फार थंड ठेवतो, आणि तशा थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. (गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. भाजीला गोडसर लागणारा बटाटा मुलांनी घरी खाल्लेलाच असतो.) शेवटी मॅककेन या कॅनडाच्या कंपनीने गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून सँटाना, शेपडी अशा लांबट जाती लावल्या, पाट मोडून तुषार व ठिबक सिंचन आणले आणि मेहसाण्याला कारखाना काढला. करारात भाव लागणीआधीच ठरतो, हा शेतकऱ्याचा फायदा. पण आकारात किंवा प्रतीत न बसलेला बटाटा कारखाना घेत नाही. तो शेतकऱ्याने बाजारात न्यायचा, पडेल त्या भावाने.

आता भांडण झाले तर? पॅरिसमध्ये रेमों दायां या मक्तेदाराने १९७० नंतर १४ दुकाने काढली. कंपनीच्या तपासनिसांना तिथली स्वयंपाकघरे अस्वच्छ आढळली. खटला शिकागोच्या कोर्टात चालला, आणि १९८२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दायांची दुकाने राहिली, नाव गेले. दिल्लीतला तंटा तर सहा वर्षे चालला. २०१३ मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर केले. ते न्यायाधिकरणात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने १६९ दुकानांचा मक्ता रद्द केल्याची नोटीस दिली. मे २०१९ मध्ये समेट होऊन बक्षींचा हिस्सा कंपनीनेच विकत घेतला. त्या सहा वर्षांत दुकाने कधी चालू, कधी बंद. नोकरांची आणि माल पुरवणाऱ्यांची ओढाताण झाली ती वेगळीच. आपल्या स्टँडासमोरच्या मुलाने सही करण्याआधी करारातले मक्ता रद्द करण्याचे कलम तेवढे दोनदा वाचावे. मुदत किती, नोटीस किती दिवसांची, आणि तंट्याचा निवाडा कुठल्या गावच्या कोर्टात, हे त्यातच लिहिलेले असते.

मॉस्कोची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली, आणि मे महिन्यात कंपनीने रशिया सोडत असल्याचे जाहीर केले. तेव्हा तिथे तिची सुमारे ८५० दुकाने होती आणि ६२,००० माणसे कामाला होती. सायबेरियात तिचीच दुकाने मक्त्याने चालवणाऱ्या अलेक्झांडर गोवोर यांनी ती विकत घेतली. १२ जून २०२२ रोजी पुश्किन चौकातले दुकान पुन्हा उघडले, तेव्हा भट्ट्या त्याच होत्या आणि टिकियाही जवळजवळ तशाच. पाटीवरचे नाव तेवढे नवे होते, त्याचा अर्थ होतो "चविष्ट, बस्स." विक्रीच्या करारात एक कलम आहे: १५ वर्षांच्या आत ही दुकाने परत विकत घेण्याचा हक्क अमेरिकेतल्या कंपनीने राखून ठेवला आहे.