ऋतुचक्राचा हिशेब – लेखांक ४ : अंदाजाची तारीख

गेल्या आठवड्याच्या लेखांकात बीजकोश, गर्भाशय आणि त्यांना हुकूम देणारी संप्रेरके यांचा महिनाभराचा व्यवहार आपण पाहिला. आज मोबाइलवरील ॲप पुढच्या पाळीची तारीख कशाच्या आधारे वर्तविते, आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, याचा विचार करावयाचा आहे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, इतर कोणाला अर्थ कळणार नाही असे पेन्सिलीचे बारीक टिंब करून ठेवण्याची रीत आपल्या घरांतून फार दिवसांची आहे, आणि केवळ तारखांवर चालणारे ॲप मूलतः याच टिंबांचा हिशेब करते. स्राव सुरू झाला तो चक्राचा पहिला दिवस धरून मागील चक्रांच्या लांबीची सरासरी ते काढते, ती शेवटच्या तारखेत मिळविते, आणि आलेल्या तारखेतून सुमारे १४ दिवस वजा करून स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस दाखविते. जपानचे क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली, आणि पुढे ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे, हा दिवस मागच्या पाळीपेक्षा पुढच्या पाळीशी अधिक निश्चितपणे बांधलेला असतो असे दाखवून दिले, त्याचेच हे गणित. परंतु जी पाळी अद्याप यावयाची आहे तिच्यापासून मागे मोजावयाचे म्हणजे ती आधी गृहीत धरणे आले; आणि चक्राचा उत्तरार्ध बराचसा स्थिर राहत असला तरी पूर्वार्ध आजाराने, मनस्तापाने किंवा एकाएकी घटलेल्या वजनाने कितीतरी लांबू शकतो, हे तारखांखेरीज काही न जाणणाऱ्या ॲपला कळण्यास मार्ग नाही. ६ लाखांहून अधिक चक्रांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी २९.३ दिवस भरली, आणि नेमके २८ दिवसांचे चक्र शंभरात जेमतेम १३ निघाले. तेव्हा ॲपच्या तारखेला पाळी आली नाही एवढ्यावरून एखाद्या मुलीने आपल्या देहातच बिघाड आहे असे मानून घाबरून जावे, याचे मला फार वाईट वाटते.

याहून गंभीर गोष्ट ‘सुरक्षित दिवसां’ची. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, स्त्रीबीज फार तर एक दिवस. म्हणून दोनचार दिवसांची चूकही महागात पडते. राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्ली व म्हैसूरकडील रामनगर येथे स्त्रियांना याच गणितासाठी रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या होत्या. त्यातून कुटुंबनियोजनाचे भरवशाचे साधन काही हाती आले नाही. रोज उठण्यापूर्वी घेतलेले तापमान स्त्रीबीज सुटल्यावर थोडेसे, साधारण ०.३ अंश सेल्सिअसने, चढते आणि ॲपला अधिक सबळ पुरावा देते. मात्र तो पुरावा घटना होऊन गेल्यानंतरचा असतो.

आपल्याकडे एक निराळाच घोळ होतो. गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेत ‘अडचण’ येऊ नये म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या जातात, त्या थांबविल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत स्राव होतो, आणि ॲप तो नेहमीची पाळी म्हणून सरासरीत जमा करून पुढचे अंदाज बिघडविते. अशा वेळी गोळी सुरू केल्याची व बंद केल्याची तारीख टिपणात लिहावी. (पूजेसाठी देहाला असे थोपवून धरावे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.)

ही नोंद कोणाच्या दप्तरी जाते, हेही पाहिले पाहिजे. आरोग्याची माहिती इतर कंपन्यांना पुरविल्याच्या तक्रारीवरून फ्लो या ॲपला २०२१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली. माहिती फोनमध्येच ठेवणारी ॲपही मिळतात. माझी पसंती त्यांना आहे.

कारण नोंद ठेवावीच. “शेवटची पाळी केव्हा आली?” हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, गर्भाचे ४० आठवडे याच तारखेपासून मोजले जातात, आणि आठवणीवर हवाला ठेवून दिलेले उत्तर पुष्कळदा चुकते. स्राव सात दिवसांहून अधिक चालला, रक्ताच्या गाठी पडल्या, पाळ्यांच्या मधेच डाग दिसला, तर तेही त्या त्या दिवशीच लिहावे. वारंवार ३५ दिवसांहून लांबणारी चक्रे नोंदीत दिसू लागली, तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवावीत; त्यांच्यामागे अनेकदा आढळणारा पीसीओएस हा विकार पुढील लेखांकात घेऊ.