डास घरात, धूर रस्त्यावर

सोसायटीत दर आठवड्याला धूरफवारणी होते, आवार झाडून लख्ख असतं, गटारं बंदिस्त आहेत, मग डेंग्यूचे रुग्ण येतात कुठून, हा प्रश्न दर पावसाळ्यात कानावर येतो. गंमत अशी, की यात ज्या तीन गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात, त्यांतली एकही डेंग्यूच्या डासाला फारशी अडवत नाही. पायांवर पांढरे पट्टे मिरवणारा एडिस इजिप्ती सहसा गटाराच्या वाटेला जात नाही. त्याला माणसाने साठवलेलं, बऱ्यापैकी नितळ पाणी लागतं: पिंप, रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनी प्लँटची बाटली. मादी दिवसा चावते आणि पोट भरलं की पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांच्या आड जाऊन बसते. फॉगिंगचा धूर म्हणजे कीटकनाशकाचे अतिसूक्ष्म थेंब. उडत्या डासाला ते लागले तर तो मरतो. थोड्या वेळात धूर विरतो आणि मागे काही उरत नाही. शिवाय यंत्राची घरघर ऐकली की आपण आधी खिडक्या लावून घेतो! आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. पाण्यातल्या अळ्या आणि कोष तर या धुरापासून पूर्ण सुरक्षित असतात, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतून नवी फौज बाहेर पडते.

घराघरांतलं साठवणीचं पाणी हाच या डासाचा कणा, हे हवाना शहराने शतकापूर्वीच दाखवून दिलं आहे. एडिस इजिप्ती तिथे पीतज्वर पसरवत असे. अमेरिकी लष्कराने क्युबा ताब्यात घेतल्यावर हवानाचे रस्ते आणि नाल्या घासूनपुसून काढल्या. तरीही 1900 साली पीतज्वर उसळला, कारण स्थलांतरितांच्या रूपाने रोगप्रतिकारशक्ती नसलेली माणसं शहरात येत होती आणि डास जिथल्या तिथे होता. खरं तर कार्लोस फिन्ले या क्युबन डॉक्टरने 1881 मध्येच याच डासावर बोट ठेवलं होतं. वीस वर्षं त्याची टिंगल झाली. त्याचे प्रयोग लोकांना पटले नाहीत याचं कारण आज आपल्याला कळतं: रुग्णाला चावलेल्या डासाच्या शरीरात विषाणू पक्व व्हायला सुमारे दहा-बारा दिवस लागतात, आणि फिन्ले त्याआधीच तो डास दुसऱ्या माणसाला चावू देत असे. अखेर 1900 मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने प्रयोग केले ते फिन्लेनेच दिलेल्या अंड्यांतून वाढवलेल्या डासांवर. नाव मात्र रीड यांचं झालं. फिन्लेचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पारितोषिक कधीच मिळालं नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशी उधारी बरीच थकलेली आहे. 1901 मध्ये अमेरिकी लष्कराचेच डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी निरीक्षकांना घरोघरी धाडलं, पाण्याच्या टाक्या झाकायला लावल्या, उघड्या पाण्यावर तेल ओतलं, अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरनंतर हवानातून पीतज्वर जवळपास हद्दपार झाला. डीडीटीचा वापर तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

गॉर्गस यांनी रुग्णांच्या घरात धुरीही दिली होती, हे फॉगिंगचे समर्थक सांगतील, आणि ते खरंच आहे. साथ पेटलेली असताना विषाणू घेऊन फिरणाऱ्या माद्या आधीच उडत असतात; अळ्या मारून त्या मरत नाहीत. अशा वेळी रुग्णाच्या आणि शेजारपाजारच्या घरांत, आतून केलेली फवारणी उपयोगी पडते. रस्त्यावरून गेलेली गाडी ते काम करत नाही. उलट तेच कीटकनाशक वारंवार वापरल्याने डास त्याला पुरून उरतात, आणि खरी गरज पडते तेव्हा औषध निकामी ठरतं. सध्या चर्चेत असलेले वोल्बाकियाचे डास, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूला रोखणारा हा जिवाणू अंगात असलेले डास, ही मात्र नुसती हवा नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या चाचणीत डेंग्यूचं प्रमाण 77 टक्क्यांनी घटल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्या डासांची अंडीसुद्धा लोकांच्या अंगणात ठेवलेल्या भांड्यांतच उबवली गेली. लोकांच्या दारात गेल्याशिवाय तिथेही काम झालं नाही.

अंडं ते डास हा प्रवास आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो, म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं. ही सूचना बिनचूक आहे, पण अर्धवट पाळली जाते. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळ्या तिळाहून बारीक ठिपके, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. पिंप पालथं करून वाळवलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढलं की उबतात. म्हणजे ओतून देणं पुरेसं नाही, काथ्याने किंवा ब्रशने आतल्या कडा खरवडून काढाव्या लागतात. कूलर हिवाळ्यात कोरडा करून माळ्यावर टाकला तरी उन्हाळ्यात पाणी भरताच अळ्या दिसतात, त्या याच कारणाने.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावात पिंप रिकामं करायला सांगणं ही थट्टा आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा ठिकाणी घरोघरी साठवण होणारच आणि एडिस तिच्यामागून येणारच. तेव्हा डेंग्यूच्या आढावा बैठकीत फॉगिंगच्या ठेकेदाराआधी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला बोलवायला हवं. दंडाची पावती फक्त घरमालकाच्या हातात ठेवणं अन्यायाचं आहे. नियमित पाणी मिळेपर्यंत विहिरीत, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. वापरायच्या पिंपांत आरोग्य कर्मचारी टेमिफॉस हे अळीनाशक टाकतात, ते टाकू द्यावं. आणि झाकण सैल असेल तर ते नसल्यात जमा, मादीला बारीकशी फटही पुरते. जुन्या साडीचं दुपदरी कापड पिंपाच्या तोंडावर ताणून दोरीने करकचून बांधलं, मध्ये झोळ पडून ते पाण्याला टेकत नाही एवढं पाहिलं, की मादीला आत शिरायला वाट राहत नाही.